ओवाळणीच्या ताटात एक रात्र

(भाऊबिजेच्या आधीच्या रविवारी गिरगाव, परळ, लालबाग भागातल्या आम्ही मैत्रिणी खोताच्या वाडीत एका घराच्या ओट्यावर जमलो होतो. विषय होता : ‘भावाबहिणींनी एकमेकांना द्यायचं काय?’ त्या वेळी केलेल्या भाषणाचा हा थोडा नीटनेटका केलेला मजकूर.)

मैत्रिणींनो, आणि मागे लाकडी जिन्यावर संकोचून बसलेल्या दोन-तीन भाऊरायांनो,

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्या एकीने नाक मुरडलं. म्हणाली, “दिवाळीला भेट काय द्यायची, हा काय चळवळीचा विषय झाला? वर्तमानपत्रांच्या पुरवण्या ते सांगतातच की!” खरंय, सांगतात. हल्ली तर ‘ताण घालवणाऱ्या भेटवस्तू’ असा वेगळा रकानाच असतो. सुगंधी मेणबत्त्या, पाय दाबून देणारं यंत्र, मानेखाली घ्यायची गरम पिशवी, रंग भरायची वही. आणि सगळं परवडणाऱ्या किमतीत, पाचशेच्या आत, हजाराच्या आत.

माझा या वस्तूंवर राग नाही. गरम पाण्याची पिशवी चांगलीच असते, कंबर दुखणाऱ्या बाईला विचारा. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या बहिणीला किंवा भावाला आपण ही वस्तू देतो, त्यांच्या डोक्यावर ताण कशाचा आहे, हे आपण कधी विचारलंय का? की ताण म्हणजे डास, उदबत्ती लावली की पळून जाईल, असं आपल्याला वाटतं?

मी माझ्याच घरचं सांगते. दुसऱ्याच्या घरचं सांगणं सोपं असतं, म्हणून मुद्दाम.

आमची खोली इथून दोन गल्ल्या पलीकडे, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही, नोकरी केली आणि आईबरोबर राहिले. २००४ साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दिवसा मी कामावर असताना एक मावशी यायच्या, त्यांचा पगार माझ्या पगारातून जायचा. रात्र माझी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. गजर लावून उठायचं. कधी चादर ओली झालेली असायची. गॅलरीच्या टोकाला नळ, तिथून पाणी आणायचं. सकाळी साडेआठला मी चर्नी रोडच्या पुलावर असायची. गाडीत बसायला जागा मिळाली तर झोप, नाहीतर उभ्या उभ्या डुलकी. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी म्हणायच्या, “हिचं स्टेशन आलं की हिला उठवा गं.”

त्या वर्षीच्या दिवाळीला माझी धाकटी बहीण पुण्याहून आली. फार मायाळू आहे ती. माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून ती रडली, आणि तिने मला पाय दाबायचं विजेचं यंत्र दिलं. त्या काळी ते काही स्वस्त नव्हतं. तिने पैसे साठवले असणार. मी ते दोनदा वापरलं. तिसऱ्यांदा लावलं तर त्याच्या घरघरीने आई जागी झाली. मग ते माळ्यावर गेलं. अजून तिथेच आहे.

त्यात बहिणीची चूक नव्हती. माझी होती. तिने विचारलं होतं, “ताई, तुला काय हवंय?” आणि मी म्हटलं होतं, “काही नको गं, तू आलीस हेच खूप.” आपल्याला असंच शिकवलेलं असतं ना? मागणारी बाई हावरट. न मागणारी बाई सोशिक. सोशिक बाईला शेवटी पाय दाबायचं यंत्र मिळतं.

मला काय हवं होतं? एक रात्र झोप. सलग. अकरा ते सहा. ती कुठल्या दुकानात मिळत नव्हती. ब्यूरोतून रात्रीची बाई ठेवायची तर माझा उरलेला पगार त्यातच संपला असता. पण माझ्या भावंडांकडे ती होती, आणि फुकट होती.

भाऊबिजेला दादा आला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तेव्हा डोंबिवलीला राहायचा, एका सोसायटीत वॉचमनची नोकरी करायचा, शनिवारी त्याची सुट्टी. मी ओवाळलं. त्याने खिशात हात घातला. मी म्हटलं, “दादा, या वर्षी पैसे नकोत. मला एक रात्र दे. महिन्यातली एक. शनिवारी येऊन आईजवळ झोप.” घरात एकदम शांतता पसरली. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. दादाला वाटलं, मी चिडून बोलतेय. मी चिडलेली नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं काय हवंय ते सांगत होते, आणि माझा आवाज थरथरत होता. मोर्चात घोषणा देताना कधी थरथरला नव्हता.

तो आला, बरं का. पुढच्याच शनिवारी संध्याकाळी. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून चर्नी रोड. पण बरोबर वहिनी होती. दादा जेवला, गॅलरीत चटई टाकून आडवा झाला. मी आतल्या कोपऱ्यात पडले ती सकाळी सहालाच उठले. काय सांगू तुम्हाला, शरीर हलकं झालं होतं! आणि मग मी वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे तांबारलेले होते. एकला, तीनला, पाचला तीच उठली होती. दादाला रात्रभरात जाग आली नव्हती.

मैत्रिणींनो, त्या सकाळी मला जे कळलं ते इतक्या वर्षांच्या शिबिरांत कळलं नव्हतं. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीची किंमत वहिनीने भरली होती. माझी झोप तिच्या डोळ्यांतून काढून आणली होती. आपण स्त्रीपुरुष श्रमविभागणीवर व्याख्यानं देतो, पण एका बाईच्या अंगावरचं ओझं दुसऱ्या बाईच्या अंगावर गेलं की आपल्याला वाटतं, ‘चला, प्रश्न सुटला.’ सुटत नाही. तो फक्त घर बदलतो.

केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण दिवसाची किती मिनिटं कशात घालवतं, याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष असं काम करतात ते ८८ मिनिटं. आजारी, म्हातारी, लहान मुलं यांना सांभाळण्याचं काम पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. करणाऱ्यांमध्येही बायकांची १४० मिनिटं आणि पुरुषांची ७४. म्हणजे ताण कुठून येतो हे सरकारच्या कागदावरही लिहिलेलं आहे. तो मेणबत्तीने कसा जाईल?

तर मी पुढच्या खेपेला दादाला सांगितलं, “वहिनीला आणू नकोस. तू एकटा ये.” तो म्हणाला, “अगं, आई आहे ती. मुलाने कसं करायचं तिचं? बायकांचं काम आहे ते.” खरं सांगायचं तर आईलाही ते नको होतं. तिचा चेहरा आक्रसायचा. लाज काही फक्त पुरुषांच्याच मनात नसते. मी दोघांवर जबरदस्ती केली नाही. म्हटलं, कूस बदलणं, पाणी पाजणं, औषध देणं एवढं तू कर. बाकीचं लागलं तर मला उठव. पहिले दोन महिने त्याने मला रात्री एकदा-दोनदा उठवलं. तिसऱ्या महिन्यात उठवलं नाही. सकाळी बघते तर चादर बदललेली, ओली चादर बादलीत भिजत टाकलेली. आई काही बोलली नाही, तोही काही बोलला नाही. पुढे एकदा मी स्वयंपाकाच्या ओट्याशी होते आणि आईने मला हाक न मारता त्याला म्हटलं, “हात दे रे जरा.” शब्द धड उमटत नव्हते तिचे, पण तेवढं कळलं.

आई २०१० मध्ये गेली. तोवर सहा वर्षं महिन्यातली एक रात्र, पुढे पुढे दोन, दादाने दिल्या. धाकटीही मग मे महिन्यात आठ दिवस यायला लागली, आणि ते आठ दिवस मी गावी जायची. वाडीतल्या एक ईस्ट इंडियन बाई, आम्ही त्यांना आंटी म्हणायचो, रविवारी चर्चमधून येताना तासभर आईजवळ बसायच्या, तेवढ्यात मी चौपाटीवर जाऊन यायची. समुद्राकडे बघत नुसती बसायची. या सगळ्याला पैसा लागला नाही. पण ही भेट स्वस्त होती, असं मात्र म्हणू नका. दादाची आठवड्यातली एकच सुट्टी होती ती.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे हे होतंच की. माहेरपण! थकलेल्या लेकीने चार दिवस माहेरी यायचं, तिला आयतं ताट मिळायचं, डोक्याला तेल लावून मिळायचं. आपल्या संस्कृतीतली ताण घालवणारी सगळ्यात मोठी भेट ती हीच. मीही मान्य करते. पण आयतं ताट कोण वाढायचं? आई आणि वहिनी. लेक विसावते तेव्हा सून राबते, आणि सून तिच्या माहेरी गेली की तिथली सून राबते. पाळीपाळीने विसावा आणि पाळीपाळीने राबणं, सगळं बायकांच्यातच. भाऊबिजेच्या कथेतसुद्धा पाहा. यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, तृप्त झाला आणि वर देऊन आला. रांधलं कुणी? यमुनेनेच. माहेरपण मोडीत काढा असं मी म्हणत नाही. त्या चार दिवसांत कुकर भावाने लावावा, एवढंच म्हणते.

मग भेट निवडायची कशी? मला ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या सांगते.

पहिलं, विचारायचं. आणि ‘तुला काय हवंय?’ असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर ‘काही नको’ हेच येतं. ‘तुझ्या दिवसातली कुठली वेळ तुला नकोशी होते?’ असं विचारा. एकीचं उत्तर आलं, “संध्याकाळी सात. मुलाचा अभ्यास, सासऱ्यांचं जेवण आणि उद्याची भाजी, तिन्ही एकदम.” तिचा भाऊ दादरला शिकवण्या घेतो. तो आता आठवड्यातून तीन दिवस भाच्याला सातला आपल्याकडे बसवतो. ही भेट. दुसरी एक म्हणाली, “रुग्णालयातली रांग.” केसपेपर काढायला पहाटे जायचं, रांगेत उभं राहायचं, मग कामावर अर्धा दिवस रजा. तिची बहीण महिन्यातून एकदा तिच्याऐवजी रांगेत उभी राहते. ही भेट.

दुसरं, ते काम आता कुणाच्या अंगावर जाणार, हे बघायचं. भावाने बहिणीला ‘मी बघतो’ म्हटलं आणि घरी जाऊन बायकोला ‘तू बघ’ म्हटलं, तर ती भेट वहिनीची, नाव भावाचं. बायकोही थकते, तीही कुणाची तरी बहीण असते. आणि कामाला बाई लावून द्यायची असेल तर तिला पुरता पगार आणि आठवड्याची सुट्टी द्या. तिचा ताण वाढवून आपला घालवायचा नाही.

तिसरं, भेट परत परत येणारी हवी. एका दिवसाची चैन छान असते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहात आपण बहिणीला नाटकाला नेलं, तीन तास हसलो, फार बरं वाटतं. जरूर न्या. पण त्या तीन तासांत घरी म्हाताऱ्यांजवळ कोण बसणार, हे तिकिटाबरोबरच ठरवा. नाहीतर मध्यंतरात ती फोन लावत बसेल. महिन्याची एक ठरलेली वेळ ही सगळ्यात मोठी, कारण तिची वाट बघता येते. मला झोपेने जेवढं बरं वाटायचं, तेवढंच बुधवारी, गुरुवारी ‘शनिवार येतोय’ या विचाराने वाटायचं.

वस्तू द्यायचीच असेल तर काम कमी करणारी द्या. रात्री उठून पाणी तापवायला लागू नये म्हणून थर्मास. चाळीच्या नळावरून पाणी आणताना सांडणार नाही अशी झाकणाची हलकी बादली. दोन जादा चादरी. दिसायला अगदीच कळाहीन, रंगीत कागदात गुंडाळाव्यात अशा नाहीत. पण आजारी माणसाच्या घरात दोन जादा चादरी म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई नुसती बहिणींचंच बोलतेय. भावांना ताण नसतो का? असतो. तोही मी घरातच पाहिला.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि माझा दादा त्यातला एक. लालबागला एका गिरणीत तो साच्यावर होता. दोन लहान मुलं. नोव्हेंबरात दिवाळी आली तोवर दहा महिने पगार नव्हता. वहिनीची भांडी, मग पाटल्या गेल्या, ती लोकांचे डबे करायला लागली. त्या भाऊबिजेला दादा आलाच नाही. आईने ताट मांडून ठेवलं, निरांजन दोनदा विझलं. संध्याकाळी मला काय सुचलं कोण जाणे, मी निरांजन, कुंकू, सुपारी पिशवीत घातलं आणि लालबागला गेले. दादा खोलीत काळोख करून बसला होता. म्हणाला, “ताटात घालायला माझ्याकडे काही नाही, मग कशाला यायचं?”

ताटात काय घालायचं, या एका प्रश्नाने तो मोठा माणूस बहिणीच्या घरी यायला घाबरला होता! भाऊ म्हणजे देणारा, आणि देता येत नसेल तर त्याने तोंड लपवायचं. पुरुषसत्ता पुरुषालाही अशी कोंडून मारते. मी तिथेच त्याला ओवाळलं. म्हटलं, “सुपारी टाक ताटात. पुढच्या वर्षी हीच सुपारी परत आणते.” आणि मुलांना शाळा उघडेपर्यंत गिरगावात घेऊन आले. वहिनीला डब्यांचं काम करायला हात मोकळे झाले, आणि दादाला पोरांसमोर खोटं हसायला लागलं नाही. आज बघते तर त्या दिवशी मी त्याला नेमकी हीच भेट दिली होती. बावीस वर्षांनी त्याने मला एक रात्र दिली ती कदाचित त्याच हिशेबातली असेल. तो तसं कधी म्हणाला नाही. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही.

म्हणून भावांबद्दल एवढं सांगते. ज्याची नोकरी गेलीय, धंदा बसलाय, जो कर्जात आहे, त्याच्याकडून ओवाळणीची अपेक्षाच काढून टाका, आणि ते तोंडाने बोलून काढून टाका. ‘पैसे नकोत, तू ये,’ हे चार शब्द. मग त्याच्याजवळ बसा. उपदेश करू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात दर दहांतले सात पुरुष, आणि बायकांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी. न बोलणारा भाऊ आणि ‘काही नको’ म्हणणारी बहीण, दोघांवरही लक्ष ठेवायला हवं. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, ‘माझ्या असण्याने काय होणार’ अशी भाषा ऐकू आली तर भेटवस्तूंचा विचार सोडा. ते माणूस एकटं राहणार नाही एवढं बघा आणि डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो, मराठीतही बोलता येतं. हा नंबर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. भेट आणि हक्क यांची गल्लत.

आपल्याकडे दिवाळीला अंगणवाडीसेविकांना राज्य सरकार पैसे देतं, त्याचं नाव ‘भाऊबीज भेट’. २०२५ साली ती दोन हजार रुपये होती. ते पैसे उपयोगाचे असतात, कुणी परत करू नयेत. पण वर्षभर पोरं सांभाळण्याच्या कामाला ‘पगार’ म्हणायचं नाही, ‘मानधन’ म्हणायचं, आणि दिवाळीला भाऊ होऊन ओवाळणी घालायची, यातली मेख आपल्या लक्षात यायला हवी. २०२४ सालापासून आपण सगळ्याच लाडक्या बहिणी झालो, महिना दीड हजाराच्या. गरजू बाईच्या हातात तिचा स्वतःचा पैसा येतो, त्याचं मोल मला कळतं. पण लाड बंद करता येतात. हक्क बंद करता येत नाही.

घरातही तसंच. आमच्या केंद्रावर एक बाई आली होती. भाऊबिजेला भावांनी पैठणी नेसवली, गोडाचं जेवण घातलं, आणि दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती म्हणाली, “नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं.” पाच वर्षांनी नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा माहेरच्या दारातही तिला जागा नव्हती. पैठणी तेवढी ट्रंकेत होती. तिच्या ताणाला कुठली भेट देणार?

म्हणून तारखा पाठ करा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांचं झालं. आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींना १९२५च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर भावाइतकाच वाटा आहे. आणि आईबापांना पोसायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलंय. जबाबदारी सारखी, तर वाटाही सारखा. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण साडीच्या घडीवर कागद ठेवून ठरवू नका. घरी आणा, वकिलाला दाखवा, आठ दिवस घ्या.

आम्हा चाळकऱ्यांना तर हे फार लागू आहे. आज गिरगावात इमारतीमागून इमारत पुनर्विकासाला जातेय. या वाडीतलेही जुने कौलारू बंगले एकेक करून गेले, अनंताश्रम खानावळ बंद झाली. खोलीची भाड्याची पावती कुणाच्या नावावर आहे, याला आता सोन्याची किंमत आलीय. आणि त्या खोलीत आईबापांचं शेवटपर्यंत करणारी बहुतेक वेळा एखादी बिनलग्नाची, परत आलेली, विधवा बहीण असते. १९९९चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो की भाडेकरू गेल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. म्हणजे तिचा हक्क आहे. पण कागद नसेल तर ती रोज रात्री ‘उद्या मला जा म्हणतील का?’ या विचाराने कूस बदलत राहते.

आई गेल्यावर तेराव्यानंतर दादा मला म्हणाला, “चल, मालकाकडे जाऊ.” त्याने आणि धाकटीने ‘आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं, पावती माझ्या नावावर झाली. त्याने घरी येऊन चहा मागितला, एवढंच. त्या रात्री मी कुणी उठवायला नसूनही दोनदा उठले, सवयीने. मग लक्षात आलं, आता उठायचं कारण नाही आणि घाबरायचंही नाही. ही ओवाळणी नव्हती, माझं मला मिळालं होतं. पण भावाने स्वतःहून पुढे होऊन ते मिळवून दिलं, याचा आनंद मी लपवणार नाही.

तर मैत्रिणींनो, तुमच्या हातात मी मघाशी कागदाच्या चिठ्ठ्या दिल्यात. त्यावर एकच गोष्ट लिहा : माझ्या भावाकडून किंवा बहिणीकडून मला कुठली वेळ हवीय? पैसे नाही, वस्तू नाही, वेळ. वार लिहा, किती वाजता तेही लिहा. आणि खाली लिहा, मी त्याला किंवा तिला कुठली वेळ देणार. ही चिठ्ठी मला दाखवू नका. भाऊबिजेच्या ताटात, निरांजनाशेजारी ठेवा. आवाज थरथरेल. थरथरू दे.

आणि मागे जिन्यावर बसलेल्या भाऊरायांनो, चिठ्ठ्या उरल्यात. तुम्हीही घ्या. घरी गेल्यावर ती बायकोच्या हातात देऊ नका म्हणजे झालं.

पुढे काय झालं ते अंकासाठी जरूर लिहून कळवा. जमलं ते लिहा, आणि जमलं नाही तेही लिहा.